निबंधातली आई आणि फडावरची आई

आदरणीय बाई,

मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला शिकवतो. नोकरीचं चौथं वर्ष आहे. गेल्या वर्षी लोकवर्गणी काढून वर्गात मोठा स्मार्ट टीव्ही बसवला, मीच पुढाकार घेतला होता. आता पोरं फळ्याकडे बघत नाहीत, सारखं ‘सर, व्हिडिओ लावा’ चालू असतं. दिवाळीनंतर निम्म्या वर्गाचे आईवडील कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला गेले. पोरं आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात आणि हातात मोबाइल असतो. परवा ‘माझी आई’ हा निबंध दिला. सातवीतल्या एका मुलाने तो मोबाइलमधल्या एआयकडून लिहून घेतला आणि वहीत उतरवून आणला. ‘माझी आई रोज पहाटे तुळशीला पाणी घालते आणि मला गरमागरम पोळीचा डबा करून देते.’ त्याची आई चार महिने कर्नाटकात ऊस तोडतेय. मी त्याला सगळ्या वर्गासमोर बोललो. दोन दिवस झाले, तो शाळेत आलेला नाही. त्यातच मी पालकांच्या ग्रुपवर टाकलेल्या परिपाठाच्या फोटोतून कुणीतरी एका मुलीचा जांभई देतानाचा चेहरा कापला, त्याचं स्टिकर केलं आणि ते गावभर फिरलं. तिची आजी शाळेत येऊन रडून गेली. मुख्याध्यापक म्हणतात, गावात मुलांना मोबाइलबंदीचा ठराव करू. हे सगळं मीच शाळेत आणलं असं वाटतं. टीव्ही काढून टाकू का? माझं नेमकं कुठे चुकलं?

– एक शिक्षक

प्रिय सर,

टीव्ही, ठराव, ग्रुप यांचं मागून बोलू. आधी तो मुलगा. तो दोन दिवस शाळेत नाही, हे वाचलं आणि त्याच दिवशी मी तुम्हाला निरोप धाडला की शाळा सुटली की त्याच्या घरी जा. इथे पुन्हा लिहिते, कारण हे वाचणाऱ्या आणखी कुणा शिक्षकावर अशी वेळ आलेली असेल. घरी गेल्यावर आजीसमोर निबंधाचा विषय काढायचा नाही. ‘नातवाने मोबाइलवरून लिहिलं’ हे वाक्य त्या घरात उच्चारायचंच नाही, कारण रात्री आईचा फोन आला की पहिली तक्रार तीच होईल, आणि इतक्या लांबून ती माउली त्याला रागावण्यापलीकडे काय करू शकणार? मुलाला बाजूला घ्या आणि सांगा, ‘मी सगळ्यांसमोर बोललो ते माझं चुकलं. उद्या ये.’ बस. निबंधाचं पुढे बघू असंही म्हणू नका. ज्याला शिक्षकाने आपली चूक कबूल केलेली ऐकायला मिळते, त्याला स्वतःची चूक बघायला फार वेळ लागत नाही.

आता निबंधाकडे येते. माझ्या मते तुमच्या पत्राचं मूळ तिथेच आहे.

मी चौतीस वर्षं सातारा जिल्ह्यात शिकवलं. त्यातली बरीच वर्षं साखर कारखान्याच्या पट्ट्यातल्या गावांत गेली. दिवाळी सरली की गावाबाहेरच्या मोकळ्या रानात ऊसतोड्यांच्या कोप्या, तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहायच्या. तुमच्या तालुक्यांतून, तुमच्या गावांतून आलेल्या टोळ्या. तुमच्या आजच्या विद्यार्थ्यांचे आजी-आजोबा त्यांत असतील. तेव्हा पोरंही सोबत यायची. काखेत धाकटं भावंड घेतलेली एखादी मुलगी शाळेच्या फाटकाशी उभी राहून परिपाठ ऐकायची आणि घंटा झाली की निघून जायची. काही कारखान्यांवर या मुलांसाठी साखरशाळा चालायच्या, पण उसाचा फड आज इथे तर पुढच्या आठवड्यात तिथे, त्यात मुलं टिकायची कशी? आज तुमच्या गावातली निम्मी मुलं आईवडिलांमागे न जाता गावात राहून सातवीत बसलीत, ही फार मोठी गोष्ट झाली आहे. हंगामी वसतिगृहासाठी, मुलांना मागे ठेवायला पालकांचं मन वळवण्यासाठी तुमच्यासारख्यांनी किती उंबरे झिजवलेत याची मला कल्पना आहे. फक्त त्याची किंमत मूल मोजतं. वर्षातले पाच-सहा महिने त्याची आई फोनमध्ये असते.

म्हणून त्या मुलाच्या हातातला मोबाइल आधी आईचा आवाज आहे, आणि मग त्यावर फ्री फायरचा खेळ आहे, रील आहे, निबंध लिहून देणारं ते निळं वर्तुळ आहे. हा क्रम विसरलो तर पुढचे सगळे निर्णय चुकतील.

मीही एक गोष्ट सांगते, आजवर फारशी कुणाला सांगितलेली नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी ‘माझी आई’ हा निबंध फळ्यावर लिहून देत असे. मुद्दे, सुरुवात, शेवट, सगळं. ‘माझी आई मायेचा सागर आहे’, ‘ती पहाटे उठते’, ‘ती माझा अभ्यास घेते’. मुलं उतरवून घ्यायची. अडतीस वह्या तपासायला यायच्या आणि अडतीस वह्यांत एकच आई असायची. त्या वर्गातल्या एका मुलीची आई दोन वर्षांपूर्वी वारली होती. तिनेही सुरेख अक्षरात लिहिलं होतं, ‘माझी आई मला रोज डबा देते.’ मी त्याखाली लाल शाईने ‘छान’ असा शेरा दिला. वही परत करताना तिने तो शेरा बोटाने झाकला, तेव्हा मला कळलं. त्यानंतर तीस वर्षांत मी फळ्यावर निबंध लिहिला नाही, पण तो शेरा पुसता आला नाही.

तुमच्या विद्यार्थ्याला यंत्राने जी आई लिहून दिली, ती यंत्राची निर्मिती नाही. ती आमची आहे. आम्ही फळ्यावर लिहिलेली, गाइडमध्ये छापलेली, स्पर्धांमध्ये पहिला नंबर दिलेली. ही एआयची साधनं अफाट मजकुरावर शिकवलेली असतात आणि एका शब्दामागे बहुधा कोणता शब्द येईल याच्या अंदाजाने पुढचं वाक्य जुळवतात. ‘आई’ या शब्दामागे मराठी लिखाणात तुळस, देवपूजा, पोळी, डबा इतक्या वेळा आलेत की यंत्र तेच देणार. पहाटे काळोखात फडात उतरणारी, दिवसभर मोळ्या बांधणारी, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी आई त्या मजकुरात फार कमी आहे, कारण तिच्याबद्दल निबंध लिहा असं आपण कधी म्हटलंच नाही.

आणि सर, मला वाटतं त्या मुलाने आळसापोटी हे केलं नसेल. कदाचित त्याला वाटलं असेल की निबंधात चालते ती आई अशी असते. आपली आई तिथे बसत नाही. शाळेत मांडायच्या आईच्या हातची पोळी असते आणि आपल्याकडे तर भाकरी. त्याने तुम्हाला हवी असलेली आई शोधून आणली, आणि तुम्ही ती खोटी म्हणून त्याच्या तोंडावर मारलीत. कठोर लिहितेय, पण तुम्ही ‘माझं कुठे चुकलं’ असं विचारलंत, त्याचं प्रामाणिक उत्तर माझ्याकडे हेच आहे. टीव्ही आणण्यात तुमचं काही चुकलेलं नाही. प्रश्न जुना ठेवलात, तिथे चुकलं.

तर प्रश्न बदला. ‘माझी आई’ ऐवजी ‘माझ्या आईचा कालचा दिवस’. किंवा आजीचा, वडिलांचा, वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशींचा, ज्याला ज्याचा हवा त्याचा. आई नसलेलं मूल कोणत्या वर्गात नसतं? म्हणून निवड मुलाकडे असू द्या. मुलांनी त्या माणसाला विचारायचं. किती वाजता उठलीस? अंधार होता का? पाणी कुठून आणलं? कोपीत काय शिजवलं? दुपारी सावली मिळाली का? शेजारच्या कोपीत कोण राहतं? काल हसू कशाचं आलं? ज्यांचे पालक लांब आहेत त्यांनी हे फोनवर विचारायचं, त्याच फोनवर. आईची हरकत नसेल तर बोलणं ध्वनिमुद्रित करायचं आणि दुसऱ्या दिवशी ऐकत ऐकत लिहायचं. लिहिणं मात्र वर्गात, हाताने, तुमच्या डोळ्यांसमोर. एकच सांभाळा. मुकादमाकडून आगाऊ उचल किती घेतली, किती फिटली, हे कुणालाही विचारायला लावू नका आणि कुणी लिहिलंच तर मोठ्याने वाचू नका. ती त्या घराची झाकली मूठ आहे.

मोबाइलचा असा उपयोग झाला की त्याच्या आईला काय वाटेल याचा विचार करा. एरवी फोनवर ‘जेवलास का, अभ्यास केलास का, आजीला त्रास देऊ नको’ एवढंच बोलणं होतं. त्या दिवशी पोरगं विचारतंय, ‘आई, तू किती मोळ्या बांधल्या?’

आता टीव्ही. काढू नका. लोकांनी पैसे घालून तो तुमच्या विश्वासावर घेतलाय, त्यात कुणाकुणाच्या घामाचे पैसे आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण त्यावर एक कापड घाला. गावातल्या कुणाकडून तरी छान खोळ शिवून घ्या, आणि गरज असेल तेव्हाच ती काढायची अशी रीत पाडा. हे दिसायला लहान वाटेल, पण मूल वर्गात आल्या आल्या काळा चौकोन समोर दिसणं आणि न दिसणं यात फरक पडतो. पहिले आठ दिवस पोरं कुरकुर करतील. करू द्या.

गरज कधी, हे ठरवायची माझी कसोटी साधी आहे. जे हातात घेता येतं, ते पडद्यावर दाखवायचं नाही. निवृत्तीनंतर एकदा एका शाळेत पाहुणी म्हणून गेले होते. बी कसं रुजतं याचा सुंदर चलच्चित्रपट चालू होता, संगीत काय, रंग काय. मुलं गप्प बसून बघत होती. खिडकीबाहेर शेत होतं आणि स्वयंपाकघरात पोषण आहाराची मटकी भिजत घातलेली होती. फडक्यात बांधलेली मूठभर मटकी चार मुलांच्या हातात दिली असती तर कोंब कसा फुटतो, वास कसा येतो, पाणी जास्त झालं तर कसं कुजतं, हे त्यांनी आठवडाभर वाद घालत बघितलं असतं. त्या पडद्याने तिथे मटकीच झाकली.

उलट जे तुमच्या मुलांपुढे एरवी कधीच येणार नाही, ते खुशाल दाखवा. समुद्राची भरती-ओहोटी, धडधडणारं हृदय, ज्वालामुखी. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं, तेव्हा ते क्षण खेड्यापाड्यातल्या मुलांनी पडद्यावर श्वास रोखून पाहिले, तिथे फळा काय कामाचा होता? व्हिडिओ दाखवतानाही एक करून पाहा. आवाज बंद करा आणि दोन-दोन मिनिटांनी थांबवून मुलांना बोलू द्या. पुढे काय होईल ते त्यांना आधी सांगू दे. आवाज चालू असला की शिकवतो तो पडद्यामागचा माणूस, आणि तुम्ही नुसते रिमोट धरून उभे राहता. ‘व्हिडिओ लावा’ हा हट्ट पोरांचा असला तरी त्याची सवय बहुतेक वेळा आपण स्वतःला लावून घेतलेली असते. कारण सहावी आणि सातवी एकत्र सांभाळताना व्हिडिओ लावला की एक वर्ग अर्धा तास शांत बसतो. खरं आहे ना? हा दोष मी तुम्हाला देत नाही. दोन वर्ग एका शिक्षकाच्या गळ्यात ज्यांनी घातले त्यांनी याचा विचार करायला हवा.

आणि निबंधाच्या त्याच आठवड्यात टीव्हीवर नकाशा लावा. उपग्रहातून दिसणारा. प्रत्येक मुलाने पुढे यायचं आणि आपल्या गावापासून आईवडील आहेत त्या कारखान्यापर्यंत बोट फिरवायचं. वाटेत कोणत्या नद्या लागल्या, कोणते जिल्हे ओलांडले, किती किलोमीटर झाले, सीमा कुठे आली. भूगोलाच्या पुस्तकातला हा कोणता घटक आहे ते तुम्ही शोधून काढालच.

तुमच्या पिढीच्या शिक्षकांना रणजितसिंह डिसले यांचं नाव सांगायला नको. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, २०१७ मध्ये राज्याने ती कल्पना उचलली आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. १० लाख डॉलरच्या बक्षिसातली अर्धी रक्कम त्यांनी बरोबरच्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटली, ते तर जगाने पाहिलं. क्यूआर कोडची वाहवा खूप झाली. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथल्या मुलांच्या घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तकं त्या भाषेत नव्हती. या शिक्षकाने आधी कन्नड शिकून घेतलं आणि मग पुस्तकांवर ते चौकोन चिकटवले. त्या चौकोनामागे मुलाला ओळखीचा आवाज ऐकू आला म्हणून तो चालला. मराठवाड्यात, विदर्भात, कोकणात कितीतरी शाळांनी नंतर कोड छापले, टॅब घेतले, आणि ते वीजबिल थकलं की किंवा उत्साही गुरुजींची बदली झाली की कपाटात गेले. साधन आधी आलं आणि मूल मागून, तिथे असंच झालं.

तुम्हाला एक हिशोब करायला सांगते. तुमचा सातवीतला मुलगा २०२०-२१ मध्ये दुसरीत होता. मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या आणि ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा उघडले ते डिसेंबर २०२१ मध्ये. म्हणजे ज्या वयात हाताला अक्षराचं वळण लागतं, त्या वयात त्याला आपण ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ असं सांगून फोनपुढे बसवलं, घरात फोन असला तर. तेव्हा दुसरा मार्ग नव्हता हे मीही मानते. सोलापुरात विडी कामगार आणि यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत, नीलमनगरमध्ये, शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले होते, कारण तिथल्या मुलांकडे स्मार्टफोन नव्हते. तशी डोकी सगळीकडे चालली. पण ज्या मुलाला सातव्या वर्षी आपणच म्हटलं की अभ्यास फोनमध्ये असतो, त्याने बाराव्या वर्षी निबंधासाठी फोन उघडला, तर त्याला चोर कसं म्हणायचं?

यंत्राविषयी वर्गात उघड बोला. त्या मुलाचा निबंध मात्र चुकूनही उदाहरणाला घेऊ नका, अगदी नाव न घेताही. सगळ्यांना कळतं. तुम्ही स्वतः वर्गासमोर एआयला निबंध मागा, ‘बैलपोळा’ म्हणा. तो टीव्हीवर मोठा दिसू दे. मग मुलांना विचारा, हा पोळा कोणत्या गावचा? आपल्या गावात मान कुणाच्या बैलाचा असतो, ते यात आहे का? ज्याने यंदा बैल विकला त्याच्या दारात काय झालं, ते आहे का? मुलं एकेक चूक, एकेक उणीव काढू लागतील. त्यांना पहिल्यांदा कळेल की ह्या हुशार यंत्राला जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक आहे. हे कळलं की पुढे ते त्याचा उपयोगही नीट करतील. शुद्धलेखन विचारतील, अडलेला शब्द विचारतील, विज्ञानातली न कळलेली गोष्ट तीनदा विचारतील आणि यंत्र कंटाळणार नाही. मोठ्या गावातल्या मुलाला शिकवणी असते, तुमच्या मुलाला नसते, म्हणून हे साधन त्याच्यापासून तोडून टाकावं असं मला बिलकूल वाटत नाही. यंत्र चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे देतं, हेही त्यांना एकदा उदाहरणाने दाखवा. तुमच्याच गावाचा इतिहास विचारून बघा, बहुतेक लगेच उदाहरण मिळेल.

स्टिकरचं प्रकरण मला फार लागलं, आणि इथे मी तुम्हाला सोडणार नाही. तो फोटो तुमच्या मोबाइलमधून गेला होता. ज्याने स्टिकर केलं तो दोषी आहेच, पण परिपाठाला उभ्या असलेल्या एका मुलीचा चेहरा पन्नास घरांतल्या फोनवर पोचवायची परवानगी तिने कुणाला दिली होती? तिला कुणी विचारलं होतं का? उपक्रम केला की फोटो, फोटो टाकला की अहवाल, ही आपल्या शाळांमध्ये गेल्या दहा वर्षांत लागलेली सवय आहे, तुम्ही एकटे नाही. वरून फोटो मागतात हेही खरं. तरीही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागेल असं तत्त्व मांडतो, पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. फोटो घ्यायचाच असेल तर पाठमोरा घ्या, हातांचा घ्या, वहीचा, मातीच्या बैलांचा, रांगोळीचा घ्या. चेहऱ्याशिवाय उपक्रम दिसत नसेल तर तो उपक्रम फोटोसाठीच केला होता की काय, हे स्वतःला विचारा.

आत्ता काय करायचं? आधी त्या मुलीकडे जा. वर्गाकडे किंवा स्टिकर करणाऱ्याकडे मागून. तिला विचारा की तुला काय व्हावंसं वाटतं. काही मुलींना वाटतं की सगळ्यांना ताकीद मिळावी, काहींना वाटतं की आता हा विषय कुणी काढूच नये. तिचं ऐका. तिच्या आजीची माफी मागा, तुमच्या फोटोबद्दल. मग ग्रुपवरचे मुलांचे सगळे जुने फोटो काढून टाका आणि पालकांनाही स्टिकर पुसायला सांगा, मुलीचं नाव न घेता. करणारा कोण ते बहुधा दोन दिवसांत कळेलच. तो तुमचाच विद्यार्थी असेल तर त्याला एकट्याला बसवा. त्याचा फोन हिसकावून आत शोधाशोध करू नका. त्याच्या आजोबांना बोलावून सगळ्यांसमोर पाणउतारा करू नका. एका मुलीचा चेहरा चव्हाट्यावर आला म्हणून एका मुलाचा चेहरा चव्हाट्यावर आणायचा, हा न्याय नाही. त्याने काय करावं ते त्या मुलीच्या मनाप्रमाणे ठरवा. आणि पुढे कधी असा प्रकार जांभईपलीकडे, अश्लील फोटोपर्यंत गेला, तर तो शाळेत मिटवायचा विषय उरत नाही. मग १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे, पोलीस आहेत, २०१२ चा पोक्सो कायदा आहे. ‘मुलीची बदनामी होईल’ म्हणून असा प्रकार दडपणाऱ्या मोठ्या माणसांचं अजिबात ऐकू नका.

मुख्याध्यापकांच्या ठरावाबद्दल. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची गोष्ट त्यांच्या कानावर असेल. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद होतात आणि मुलं अभ्यासाला बसतात. मला ती गोष्ट आवडते, कारण तिथे मोठ्यांनीही आपले पडदे बंद केले. मुलांपुरती बंदी घालून आजोबा ओसरीवर रील बघत बसले असते तर भोंग्याचा काही उपयोग झाला नसता. पण तुमच्या गावात सातला भोंगा वाजवण्याआधी एक चौकशी करा. फडावरून आयांचे फोन किती वाजता येतात? दिवसभर त्यांना वेळ नाही, रात्री गाडी भरायला जावं लागतं. मधला स्वयंपाकाचा तास हाच बहुधा त्यांचा बोलण्याचा तास. तोच बंद केला तर त्या ठरावाने मुलाची आई तोडली. तेव्हा वेळ पालकांना फोन करून ठरवा, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत जे चार लोक गावात उरलेत त्यांच्यावर सोडू नका. सरसकट बंदीला माझा विरोध आहे. ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात त्यांतल्या ५७ टक्के मुलांनी तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. तुमची मुलं दोन वर्षांत त्या वयात जातील. फोन त्यांच्या हातात असणारच आहे. शाळेत त्याविषयी बोलायची बंदी झाली तर ती मुलं तो शाळेबाहेर, एकमेकांकडून शिकतील, आणि स्टिकर तर ती तशीच शिकली.

ऑनलाइन लिंक आणि माहिती भरण्याबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, पण ते ओझं असणार, मला ठाऊक आहे. त्यावर माझ्याजवळ मोठा उपाय नाही. एवढंच करा, की वर्गात असताना तुमचा फोन टेबलाच्या खणात राहील. पोषण आहाराची माहिती मधल्या सुट्टीत, बाकी सगळं शाळा सुटल्यावर. शिक्षक बोलता बोलता खाली बघून अंगठा फिरवतो, हे मुलं रोज बघतात आणि नंतर आपण त्यांना लक्ष द्या म्हणतो. तुमच्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत हा विषय एकदा सगळ्यांनी मिळून मांडा, एकट्याने मांडला तर तुमच्या नावावर चिकटेल.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गाळप संपेल, ट्रॅक्टर गावात परत येतील. त्या मुलाने ‘आईचा कालचा दिवस’ लिहिला असेल तर तो जपून ठेवा. मला पाठवू नका, ग्रुपवर टाकू नका, त्याचा फोटोही काढू नका. त्याच्या आईला वाचता येत नसेल, तर तोच तिला वाचून दाखवेल.

तुमची,
बाई